नकार त्यांना देऊ दे

काकू, नमस्कार. मी इंदूरची, राजेंद्रनगरात लहानाची मोठी झाले. गेली काही वर्षं एका हिंदी दैनिकात सिटी रिपोर्टर आहे. नगर निगम (महापालिका) आणि शिक्षण हे माझं बीट, म्हणजे बातम्यांचं क्षेत्र. भंवरकुआंच्या एका मोठ्या कोचिंगच्या तळघरात अभ्यासिका चालते, वर वर्ग भरतात. इमारतीला दोन जिने आहेत. मागच्याला कुलूप, आणि पायऱ्यांवर जुन्या टेस्ट पेपरांचे गठ्ठे. फोटो माझ्याकडे आहेत, तिथल्या मुलांशी बोलले आहे. हे कोचिंग दर निकालाला आमच्या पेपरला फुल पेज जाहिरात देतं. मला कुणीही ‘लिहू नको’ म्हटलं नाही. तरी मी बातमी दिली नाही. तीनदा लिहिली, दरवेळी जरा बोथट केली, शेवटी लॅपटॉपमध्येच ठेवली. बाबा आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार आहेत आणि गणपतीच्या मांडवावर याच कोचिंगचं बॅनर असतं. फ्लॅटचं कर्ज माझ्या नावावर आहे. कोर्टकचेरीची भीती वाटते. आमची इंटर्न तिथे माझ्यासोबत आली होती, ती विचारत राहते, ‘दीदी, वो खबर लगी क्यों नहीं?’ मी तिला ‘जागा नव्हती’ म्हणून सांगते. काकू, मी घाबरट झाले की शहाणी? नोकरी सोडू का? नाव छापू नका.

अगं, तुझं नाव छापत नाही. त्या कोचिंगचंही छापत नाही. ते छापायचं काम तुझं आहे.

पत्रासोबत तू टिपणं आणि तिन्ही मसुदे जोडलेस ते फार बरं केलंस. पत्रात स्वतःबद्दल पुष्कळ लिहिलंयस, पण मला जे कळायचं ते मसुद्यांतूनच कळलं. माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर, दुसऱ्यांचा मजकूर तपासण्यात गेलं. समोर कागद आला की लक्ष आधी मजकुराकडे जातं, माणसाकडे मागाहून. तुझ्या हिंदीतल्या तीन सुरुवाती वाचकांसाठी इथे मराठीत देते.

पहिली: ‘भंवरकुआंच्या अमुक कोचिंगच्या तळघरात रोज दीडशे मुलं अभ्यासाला बसतात आणि बाहेर पडायला त्यांना एकच जिना आहे, दुसऱ्याला कुलूप आहे.’

दुसरी: ‘शहरातील एका नामांकित कोचिंगच्या इमारतीत सुरक्षेच्या नियमांकडे कथित दुर्लक्ष होत असल्याचे सूत्रांकडून समजते.’

तिसरी: ‘उन्हाळ्याच्या पार्श्वभूमीवर कोचिंग संस्थांनी अग्निसुरक्षेबाबत दक्षता बाळगावी, असे तज्ज्ञांचे मत आहे.’

पहिल्यातून दुसऱ्यात येताना काय काय गळलं बघ. कोचिंगचं नाव गेलं, ते समजण्यासारखं आहे, सगळ्यांचं आधी तेच जातं. पण मुलांचा आकडाही गेला, आणि जिनाही. त्यांच्या जागी ‘कथित’ आलं आणि ‘सूत्र’ आलं. अगं, कुलूप तू स्वतः पाहिलंयस, ओढून बघितलंयस, फोटो काढलायस. मग सूत्र कोण? तूच. डोळ्यांदेखतची गोष्ट कुणाकडून तरी कानावर आल्यासारखी सांगितलीस. तिसऱ्यात तर एक तज्ज्ञ उगवलाय. तुझ्या टिपणांत तज्ज्ञ कुठेही नाही, मी शोधून पाहिला. खऱ्या बातमीला त्याची गरजच नव्हती. बोथट करता करता तुला तो जन्माला घालावा लागला. आपल्याला वाटतं, जपून लिहिलं तर बातमी फार तर जरा मऊ होते. तसं होत नाही, ती हळूहळू खोटी व्हायला लागते. घाबरट की शहाणी या तुझ्या प्रश्नापेक्षा मला याची काळजी जास्त वाटली.

आता ‘मला कुणीही लिहू नको म्हटलं नाही’ या वाक्याकडे येते. ते खरं आहे याबद्दल मला शंका नाही. कुणी म्हणत नाही, कारण म्हणायची वेळ आपणच येऊ देत नाही. निकालाच्या दिवशी मार्केटिंगवाला काजूकतलीचा डबा घेऊन डेस्कवर फिरतो, ‘सर ने भिजवाया है.’ एखाद्या हॉस्पिटलची बातमी करणारा पुढे पुरवणीत बसलेला दिसतो. या दोहोंचा संबंध कुणी जोडून देत नाही, ज्याचा त्यानं जोडायचा. सिटी चीफ भलत्याच विषयावर बोलताना सहज म्हणून जातात, ‘अरे, वो तो अपने ही लोग हैं.’ एवढं पुरतं. नवा मुलगासुद्धा एका हंगामात शिकतो की कुठल्या दारावरची घंटा वाजवायची नाही.

आणीबाणीत निदान समोर कुणीतरी होतं. सरकारी अधिकारी बसलेला असायचा, मजकूर त्याच्याकडे जायचा, त्यानं खोडलं तर ते खोडलेलं दिसायचं. 28 जून 1975 च्या अंकात इंडियन एक्स्प्रेसनं अग्रलेखाची जागा कोरी सोडली आणि ती कोरी जागा आजही लोकांच्या लक्षात आहे. बाहेरच्यानं कापलं तरच जागा कोरी सोडता येते. तुझ्या बातमीची जागा कोरी राहिली नाही; तिथे दुसरं काहीतरी छापून आलं आणि वाचकाला काही चुकल्यासारखंसुद्धा वाटलं नाही.

असं का होतं, याचं मोठं कारण पैशात आहे आणि ते तू रोज हातात धरतेस. सकाळी दारात पडणारा रंगीत अंक ज्या किमतीला मिळतो त्यात कागद, शाई, छपाई, गाडीभाडं आणि हॉकरचं कमिशन भागत नाही. उरलेला खर्च जाहिरातदार भरतो. वाचक गिऱ्हाईक आहे असं आपण म्हणतो खरं, पण बिल बहुतेक दुसराच फेडतो. आपल्या शहरात तो दुसरा म्हणजे कोण, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक: बिल्डर, खासगी हॉस्पिटलं, कोचिंग, सराफ, गाड्यांचे शोरूम. आणि या सगळ्यांच्या वर सरकार. जनसंपर्क विभागाची जाहिरात छोट्या पेपराच्या महिन्याचा आधार असते, तिचं रिलीज थांबलं की पगार लांबतात. पत्रकाराच्या सरकारी अधिमान्यतेचं कार्डही त्याच खिडकीतून मिळतं. तेव्हा मालकाला फोन करावा लागत नाही. कुणाची पानं मोठी आहेत ते अंकातच दिसतं.

या धंद्याची गंमत बघ. 2010 साली प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी, परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, नावानिशी सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलनं तो तसाच प्रसिद्ध न करता आटोपशीर अहवाल काढला. मूळ अहवाल लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला, 2011 मध्ये. वर्तमानपत्रं काय छापत नाहीत याबद्दलचा अहवाल वर्तमानपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेलाच पूर्ण छापवला नाही. जिथे ही तऱ्हा, तिथे राजेंद्रनगरच्या एका पोरीनं बातमी लॅपटॉपमध्ये ठेवली तर मी तिला फासावर द्यायला बसलेली नाही.

दुसरं कारण नोकरीचं. 1955 च्या श्रमजीवी पत्रकार कायद्यानं वार्ताहराला काढताना तीन महिन्यांची आणि संपादकाला सहा महिन्यांची नोटीस बंधनकारक केली होती. लिहिणाऱ्याच्या पाठीला टेकू हवा, एवढाच त्यामागचा विचार. पुढे काँट्रॅक्ट आले आणि टेकू गेला. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी 2011 मध्ये अधिसूचित झाल्या, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. तरी कित्येक ठिकाणी ‘आहे त्या पगारात आम्ही समाधानी आहोत’ अशा कागदांवर पत्रकारांच्या सह्या घेतल्या गेल्या. स्वतःच्या पगाराची बातमी ज्याला स्वतःच्या पेपरात देता येत नाही, त्यानं जगाच्या बातम्या छातीठोकपणे द्याव्यात अशी आपली अपेक्षा असते. इंदुरात हा विषय निघाला की आपली मराठी मंडळी ‘नई दुनिया’तल्या जुन्या पत्रकारांची, राहुल बारपुते, राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी यांची, नावं घेऊन हळहळतात. मोठी माणसं होती, वादच नाही. पण हळहळणाऱ्यांपैकी निम्मे लोक आज पेपराऐवजी फुकटची पीडीएफ वाचतात, हेही लिहून ठेव.

तिसरं कारण मांडवातलं, आणि ते तुझ्या पत्रात दोन ओळींत उरकलंयस. माझ्या मते तुला सगळ्यात जास्त तेच टोचतंय. इंदूरचं मराठी जग केवढं? राजेंद्रनगर, रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर. नाटकाला जा, लग्नाला जा, भजनी मंडळात जा, तीच तोंडं. कोचिंगवाला वर्गणी देतो, त्याची बायको तुझ्या आईसोबत हळदीकुंकवाला असते. मोठ्या पेपराच्या जाहिरातदाराला दुखवणं एक वेळ सोपं, मंडळाच्या देणगीदाराला दुखवलं की बाबांना पुढच्या मीटिंगला मान खाली घालून बसावं लागेल, असं तुला वाटतं. ही सवय आपल्या घरांत जुनी आहे. 1925 साली मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला, त्या प्रकरणातून 1926 मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांना गादी सोडावी लागली. मुंबईत त्याचा केवढा गाजावाजा झाला. आणि इथे? संस्थानिकांबद्दल अप्रीती पसरवणाऱ्या लिखाणाला शिक्षा देणारा कायदा इंग्रजांनी 1922 मध्येच करून ठेवला होता, पण आमच्या आजीला कायदा कुठला माहीत. माझ्या लहानपणी, म्हणजे संस्थान जाऊन जमाना झाल्यावरही, तो विषय निघाला की ती ‘पुरे आता’ म्हणून स्वयंपाकघरात निघून जायची. तुझी आई ‘नसती उठाठेव कशाला’ म्हणत असेल तर ती काही वाईट बाई नाही. ती त्याच आजीची नात आहे.

आता भीतीबद्दल जरा कठोर बोलते, रागावू नकोस. पत्रात पुढे तू मारल्या गेलेल्या पत्रकारांचा विषय काढलायस (वर जागेअभावी घेतला नाही). ती माणसं खरी आहेत. भिंडच्या संदीप शर्मांनी वाळू उपसा आणि पोलीस यांचं साटंलोटं दाखवणारं स्टिंग केलं, जिवाला धोका आहे म्हणून संरक्षण मागितलं, आणि मार्च 2018 मध्ये ट्रकखाली गेले. एप्रिल 2022 मध्ये आपल्याच राज्यात, सिधीच्या कोतवालीत, एका यूट्यूब पत्रकाराला इतरांसोबत अंतर्वस्त्रांवर उभं करून फोटो काढला गेला. राजापूरचे शशिकांत वारिशे फेब्रुवारी 2023 मध्ये गेले. ज्याच्याबद्दल त्यांनी लिहिलं त्याच्याच गाडीनं त्यांना चिरडलं, आणि ते सुद्धा बातमी छापून आली त्याच दिवशी. छत्तीसगडमधल्या बिजापूरच्या मुकेश चंद्राकरचा मृतदेह जानेवारी 2025 मध्ये सेप्टिक टँकमध्ये सापडला. त्याआधी रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराची बातमी झाली होती. ही सगळी छोट्या गावांतली, पाठीशी मोठं ऑफिस नसलेली माणसं. त्यांची भीती त्यांची होती. तू ती उसनी घेऊ नकोस. तुझ्या पोटात जी आहे ती इन्क्रिमेंटची, बीट बदलण्याची आणि बाबांच्या पडलेल्या चेहऱ्याची भीती आहे. तीही खरीच आहे, पण तिला तिच्याच नावानं हाक मार. जिवाच्या भीतीवर उपाय वेगळे असतात; तिथे मी स्वतः सांगितलं असतं, थांब, एकटी जाऊ नकोस, आधी कुणाला तरी सांगून ठेव. कर्जाच्या हप्त्याच्या भीतीला जिवाच्या भीतीचे कपडे घातले की माणूस स्वतःला शहीदही समजतो आणि काम करण्यापासूनही सुटतो. जागतिक पत्रकार स्वातंत्र्याच्या यादीत 2025 साली 180 देशांत आपण 151 वे होतो. तो आकडाही लोक असाच वापरतात. तुझा तिसरा मसुदा त्या यादीनं लिहिला नाही.

कोर्टाचं म्हणशील तर ती भीती अगदीच हवेतली नाही. अब्रुनुकसानी आपल्याकडे अजून फौजदारी गुन्हा आहे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेचा. शिक्षा क्वचित होते, पण तारखा होतात, आणि तारखाच माणसाला दमवतात. मात्र त्याच कलमाचा पहिला अपवाद वाच. गोष्ट खरी असेल आणि ती सांगणं लोकहिताचं असेल तर ती बदनामी नव्हे. दीडशे मुलांना बाहेर पडायला एकच जिना आहे, यापेक्षा लोकहिताचं आणखी काय असतं? प्रश्न उरतो तो खरेपणाचा, आणि तिथे मी तुला सोडणार नाही.

कोल्हापूर प्रकरण शाळेत शिकलेली असशील. टिळक-आगरकरांनी कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापलं, ज्या पत्रांच्या आधारावर छापलं ती बनावट निघाली, माफी मागूनही 1882 मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. आपण त्यातला तुरुंग तेवढा लक्षात ठेवतो, बनावट पत्रं विसरतो. म्हणून सांगते, कागद पक्का होईपर्यंत थांबणं म्हणजे सेल्फ सेन्सॉरशिप, आपल्याच बातमीला आपणच कात्री लावणं, नव्हे. अत्याचार झालेल्या मुलीचं नाव न छापणं, दंगलीच्या रात्री अफवा न छापणं, हेही नव्हे. फरक ओळखायची माझी एक साधी रीत आहे: न छापण्याचं कारण तुला बातमीखाली छापता येईल का? ‘तपासणी चालू आहे’ छापता येतं. ‘पीडितेची ओळख उघड होऊ नये म्हणून’ छापता येतं. ‘ते फुल पेज देतात म्हणून’ छापता येईल?

तर मग कर काय. तुझ्या टिपणांत अजून भोकं आहेत, ती आधी बुजव. फायरची परवानगी आणि इमारतीचा मंजूर नकाशा, दोन्ही निगमच्या फायलीत असतील. नकाशात तळघर पार्किंगचं दाखवलंय की अभ्यासिकेचं? फायर शाखेतलं कुणी दाखवत असेल तर उत्तम, नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाक; तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बातमी त्याच्यासाठी अडवून धरू नकोस, तो पुढच्या बातमीला लागेल. फोटोंची मूळ फाईल तारीख-वेळेसह दुसरीकडे ठेव. व्हॉट्सॲपवरून फिरवलेला फोटो पुरावा म्हणून दुबळा. आणि कोचिंगच्या संचालकांना लेखी प्रश्न पाठव, ईमेलवर, उत्तराला मुदत देऊन. तुझ्या टिपणांत त्यांची बाजूच नाही. बहुतेक तू त्यांना फोनच केला नाहीस, कारण फोन केला की गोष्ट सुरू होते. बरोबर?

हे झालं की पहिला मसुदा काढ आणि फाईल कर. ऑफिसच्या सिस्टिममध्ये, वेळेनिशी. मग मीटिंगमध्ये तोंडानं सांग, ‘सर, कोचिंगवाली खबर डाल दी है.’ या सगळ्या पत्राला माझं उत्तर एवढंच आहे, बाई: नकार त्यांना देऊ दे. त्यांचं काम तू फुकटात करतेयस. चीफना पगार मिळतो तो ठरवण्यासाठी, कात्री लावायची तर त्यांनी लावावी, कारण सांगावं आणि ते कारण बोलताना आपल्याच ऑफिसातल्या चार माणसांच्या नजरेला नजर द्यावी. तू घरीच खोडलंस की त्यांचा हात स्वच्छ राहतो, मालकाचा स्वच्छ राहतो, कोचिंगवाल्याला तर कळतही नाही. आणि एक सांगू? चीफ दरवेळी नाही म्हणत नाहीत. तेही कधीकाळी रिपोर्टर होते. कित्येकदा त्यांना अशी बातमी हवी असते, पण मागायची नसते. कुणीतरी पक्की करून टेबलावर आणून टाकावी याची ते वाट बघत असतात. ‘थांब’ म्हणाले तर विचार, काय कमी आहे? उत्तर मिळालं तर ते आणून दे. उत्तर न देता ‘छोड़ ना यार’ म्हणाले तर वहीत तारीख टाकून तेच तीन शब्द लिहून ठेव.

एकट्या कोचिंगवर बातमी अडत असेल तर ती रुंद कर. भंवरकुआं ते गीताभवन अशा इमारतींना तोटा नाही. दहा इमारतींत जा, जिने मोज, तळघरं बघ, सगळ्यांची नावं दे. तेव्हा एकाच जाहिरातदारावर नेम धरल्याचा आरोप होत नाही, आणि बातमीही जास्त खरी होते, कारण दोष एकाचा नाहीच. फक्त रुंद करताना नावं गाळू नकोस, नाही तर फिरून तिसऱ्या मसुद्यावर येशील.

आणि तरीही छापली नाही तर? सुरतेत 24 मे 2019 ला तक्षशिला आर्केडला आग लागली, वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली 22 मुलं गेली. दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरात जुलै 2024 मध्ये तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरून तिघं बुडाली. आपल्याच पटेलनगरात 30 मार्च 2023 ला, रामनवमीला, मंदिरातल्या बावडीवरचा, म्हणजे जुन्या विहिरीवरचा, स्लॅब खचला आणि 36 माणसं गेली. त्या बांधकामाबद्दल निगमची नोटीस आधीच निघालेली होती, मंदिर ट्रस्टचं उत्तरही आलेलं होतं. कागद होता, फाईल होती. म्हणून पेपर छापत नसेल तर 181 वर सीएम हेल्पलाइनला तक्रार नोंदव, किंवा एखाद्या पालकाला नोंदवायला सांग, ते अधिक चांगलं. तक्रारीचा नंबर मिळाला की निगमला उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर पुन्हा तुझीच बातमी. कुणी म्हणेल, वार्ताहरानं तक्रारदार होऊ नये. एरवी मीही तेच म्हणते. पण मुलं कुलूपबंद जिन्याखाली बसलेली असताना हे सोवळं मला पाळवत नाही. दुसऱ्या पेपरातल्या मैत्रिणीला बातमीचा धागा देणं हाही आपल्या धंद्यातला जुना मार्ग आहे. तिथे छापून आली की तुझ्याच चीफचा सकाळी फोन येईल, ‘ये अपने पास क्यों नहीं थी?’ फक्त ऑफिसनं काढलेले फोटो आणि ऑफिसचे कागद बाहेर देऊ नकोस, काँट्रॅक्टमध्ये अडकशील.

नोकरी सोडू नकोस. निदान या बातमीवरून नको, कारण ही बातमी अजून कुणी अडवलेलीच नाही, तूच अडवलीयस. राजीनामा टाकून यूट्यूब चॅनेल काढावंसं वाटत असेल तर जरा थांब. तिथेही जाहिरात लागते, आणि नोटीस आली तर वकील तुझा तुलाच शोधावा लागतो. दोन-तीन महिने वही ठेव. काय फाईल केलं, काय छापलं, काय अडलं, कुणी अडवलं, काय म्हणाले. मग वही घेऊन शांत बस. बऱ्याचशा गोष्टी छापून आलेल्या असतील तर तुला नोकरी नाही, सवय बदलायची होती. आणि पानामागून पान ‘छोड़ ना यार’ असेल तर दुसरीकडे अर्ज कर, हप्ते चालू ठेवून, नव्या ठिकाणचं पत्र हातात आल्यावर.

बाबांना सांग. विचारू नकोस हं, सांग. विचारलंस तर ते बिचारे नाही म्हणतील आणि मग तुझ्या न लिहिण्याचं ओझं आयुष्यभर त्यांच्या डोक्यावर. छापायच्या आदल्या रात्री जेवताना सांग की उद्या अशी बातमी येतेय, बॅनरवाल्यांची आहे. खजिनदार माणूस आहे, हिशेब त्यांना कळतो: मंडळातल्या किती घरांची मुलं त्या तळघरात बसतात ते त्यांना मोजायला सांग. वर्गणी एखाद्या वर्षी कमी झाली तर मांडव जरा लहान घालता येतो.

राहिली तुझी इंटर्न. तिला ‘जागा नव्हती’ सांगितलंस, हे मात्र मला तुझ्या सगळ्या पत्रात सगळ्यात खटकलं. ती रोज अंक बघते, जागा किती असते ते तिला दिसतं. तिनं तुझं उत्तर खरं मानलं नाही. तिनं एवढंच शिकून घेतलं की अशा वेळी काय सांगायचं असतं. पुढच्या वर्षी ती कुणाला तरी तेच सांगेल आणि तिलाही कुणी ‘लिहू नको’ म्हटलेलं नसेल. उद्या तिला कँटीनमध्ये बसव आणि खरं कारण सांग: बातमी मी दिलीच नव्हती, आता देतेय. मग तिला घेऊनच भंवरकुआंला जा. दहा इमारतींचे जिने दोघींनी वेगवेगळे मोजा, वेगवेगळ्या वहीत लिहा, आणि संध्याकाळी आकडे ताडून बघा. उद्या कुणी विचारलं तर पाहणारे दोन असलेले बरे. शिवाय ती नवीन आहे, कुठल्या दारावरची घंटा वाजवायची नाही हे तिला अजून ठाऊक नसेल, तेव्हा दारं तिलाच वाजवू दे.